दुकानासह घर घेतलं: अकरा महिन्यांचा अनुभव

जाहिरातीत एवढंच होतं: ‘रस्त्यालगत चालू किराणा दुकान व राहतं घर, मालासहित विकणे आहे.’ सिंधुदुर्गातलं गाव, जांभ्याच्या चिऱ्यांचं कौलारू घर, पुढच्या पडवीला शटर लावून केलेलं दुकान, मागे विहीर, सहा गुंठे जागा. मिस्टर निवृत्त झाले होते. डोंबिवलीची खोली मुलाला द्यायची आणि आपण गावाकडे जायचं, हे आमचं दहा वर्षांपासून ठरलेलं. मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात घर बघितलं, तिसऱ्या आठवड्यात खरेदीखत झालं. आता एप्रिल चालू आहे. असं घर घ्यायचं मनात असलेले बरेच जण असतील, म्हणून जे बघताना दिसलं नाही आणि राहिल्यावर कळलं, ते सगळं लिहिते.

त्या वर्षी पाऊसही लवकर आला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येणारा मोसमी पाऊस २५ मेलाच आला. सामान लावून होतंय तोवर धो धो सुरू. पण पहिला महिना घर कोरडं राहिलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

आषाढी एकादशी ६ जुलैला झाली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी साडेसहाला शटर वर केलं तर चपलेखाली चिकचिक. वाटलं, कौलातून गळलं. वर बघितलं, तिथे काहीच नाही. मग उकिडवी बसून बघितलं. दोन फरश्यांच्या सांध्यातून पाण्याचा मणी वर येत होता, फुगत होता, पसरत होता, मागोमाग दुसरा. बोट टेकवलं तर गार, विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. साखरेचं पोतं भिंतीशी उभं केलेलं होतं. ते ओढलं तर खालची वीतभर साखर पाक होऊन फरशीला चिकटलेली, आणि मिठाच्या पोत्याखाली पांढरं पाणी. दोन तासांत दुकानात घोटा बुडेल एवढं नाही, पण पाऊल टाकलं की उडेल एवढं पाणी झालं. शेजारच्या आजी इरलं पांघरून बघायला आल्या आणि म्हणाल्या, “गो बाय, हयसर दरवर्सा उपळ फुटता. तुका कोणी सांगल्यान नाय?”

उपळ म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून वर फुटणारं पाणी. कोणी सांगितलं नव्हतं. घर डोंगराच्या उताराला, मागची बाजू खणून सपाट केलेल्या जागेवर आहे. जांभा दगड सच्छिद्र, पाऊस पिऊन घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी पुढे झिरपत उताराच्या पायथ्याशी बाहेर पडतं. आमचं दुकान नेमकं त्या पायथ्यावर. जमीन भिजून तुडुंब व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून जूनमध्ये काही कळत नाही. उपळ आली ती गणपती होऊन गेल्यावरच आटली.

खुणा मात्र सगळ्या होत्या, आम्हाला त्या वाचता आल्या नाहीत. सगळ्या घरात जुना कोबा आणि फक्त दुकानात नवी कोरी फरशी. आतल्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत ताजा ऑइलपेंट, वर साधा चुना. ऑगस्टमध्ये त्या पेंटला फोड आले, सोलून निघाला आणि आतून पांढरी खार फुटली. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे विकणाऱ्यांची सगळी पोती चिऱ्यांवर टाकलेल्या फळ्यांवर ठेवलेली होती. मला ती टापटीप वाटली. जागा अडते म्हणून जूनमध्ये मीच त्या फळ्या काढून मागच्या पडवीत नेऊन टाकल्या. आजही आठवलं की जीव हळहळतो, कारण त्या फळ्या असत्या तर निदान दोन पोती साखर आणि एक पोतं पोहे वाचले असते.

आता छपराचं. दुकानात आणि माजघरात पीव्हीसीचं पांढरं सीलिंग केलेलं होतं. छान उजेड पडायचा. पण कौलारू घराला सीलिंग दिसलं की आधी एक पट्टी काढून वर बॅटरी मारा, मी हात जोडून सांगते. आम्ही ऑक्टोबरमध्ये काढली. दोन वासे वाळवीने पोखरलेले, वरून साल शाबूत आणि आत नुसता भुगा. सुताराने पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. आढ्याला हात लावला नव्हता वाळवीने, हे नशीब. शिवाय आमच्याकडे माकडांचा फार त्रास. एका उडीत चार कौलं फुटतात. जुनी मंगलोरी कौलं जशीच्या तशी मिळत नाहीत, नवी बसवली तर खाचा जुळत नाहीत आणि तिथूनच गळतं. गावात पडझड झालेल्या घरांची कौलं लोक विकत घेऊन रचून ठेवतात, ते का, हे आम्हाला आता कळलं.

विजेचं तर आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. घराला आणि दुकानाला मिळून एकच मीटर, तोही घरगुती. त्याच्यावरच दुकानाचे दिवे, काटा, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर, सगळं चाललेलं. डिसेंबरमध्ये तपासणी झाली आणि विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ आम्हाला पाठ झालं. घरगुती जोडणी व्यापाराला वापरली की तो अनधिकृत वापर ठरू शकतो. कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची आकारणी होते आणि ती दुप्पट दराने. आमचे त्यातले सातच महिने, पण पावती आमच्या नावावर. खरेदीखतात ‘पूर्वीची देणी विकणाऱ्याची’ असं वाक्य आहे, त्यांना दोनदा फोनही केला, पण त्या वाक्यावर पैसे वसूल करायला कोर्टाची पायरी चढावी लागेल, आणि एवढ्या रकमेसाठी ते परवडत नाही. वीज बिल मागायचं ते ‘भरलंय का’ एवढं बघायला नाही, जोडणी कुठल्या प्रकारची आहे ते बघायला. पावसात दोन-दोन दिवस वीज नसते हे गावात राहणाऱ्याला नवीन नाही. पण फ्रीझरमधला माल कुठे न्यायचा, याची सोय आधी करून ठेवायला हवी.

कागदांबद्दल आम्हाला खात्री होती. हिस्सा नंबर वेगळा, सातबारावर विकणाऱ्यांचं एकट्याचं नाव, घरपट्टीचा नमुना ८ त्यांच्याच नावाचा. कोकणात तीस-चाळीस नावांचे सातबारे असतात, त्यामानाने हा सोन्यासारखा. वकिलांनी खरेदीखत वाचून दाखवलं. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपादी तदंगभूत वस्तूंसह’ हे ऐकताना मला भरून आलं होतं, माझ्या वडिलांनी जागा घेतली तेव्हाही हेच शब्द होते. पण ते जल आमच्या चतुःसीमेच्या आतलं. विहीर बाहेर आहे! मागच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, चार पावलांवर, दुसऱ्या हिश्श्यात, आणि त्या सातबारावर तेवीस नावं. विकणारे त्या तेवीसांतले एक, म्हणून ते पाणी भरायचे. आम्ही कोणीच नाही. विहिरीच्या पाण्याचा हक्क वेगळा लिहून घ्यायला हवा होता, तसं एक अक्षर खरेदीखतात नाही.

मार्चमध्ये त्यांच्यातलं एक कुटुंब मुंबईहून आलं आणि आमचा पंप काढायला सांगितलं. शांतपणे सांगितलं, त्यांचंही चुकलं नाही. त्यांच्या विहिरीवर परक्या माणसाचा पंप बघून कोणालाही वाटेल. शेवटी आजींनी मध्यस्थी केली. आता आम्ही कळशीने पिण्यापुरतं पाणी आणतो, बाकीचं नळयोजनेचं, ते दिवसाआड येतं. बोअरवेलसाठी विचारणा केली आहे.

मोजणीही आम्ही नंतर केली. ती आधी करायची असते, हे सगळे सांगतात आणि घाईत कोणीच करत नाही, विकणारा म्हणतो ‘गडगा आहे ना, कशाला मोजणी?’ फेब्रुवारीत खुणा मारल्या तेव्हा दुकानाची पुढची पडवी, शटरसकट, जवळजवळ चार फूट रस्त्याच्या जागेत निघाली. आज कोणी काही म्हणत नाही. पण रस्ता रुंद व्हायचा झाला की आधी जाईल ते आमचं दुकान, आणि त्या चार फुटांची भरपाई मागायला आमच्याकडे कागद नाही. ज्या दुकानासाठी आम्ही घराची किंमत चढी दिली, तेच पूर्ण आमच्या जागेत नाही, हे मला अजून पचत नाही.

धंद्याचं सांगायचं तर आम्ही मेमध्ये बघायला गेलो, ही मूळ चूक. मे म्हणजे चाकरमानी आलेले, घराघरात दहा-बारा माणसं, लग्नं, गोंधळ, दुकानात उभं राहायला जागा नाही. एका संध्याकाळचा गल्ला त्यांनी आमच्यासमोर मोजला. तो खोटा नव्हता. पण जूनच्या पंधरवड्यानंतर वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप. कोकणात वाडीतलं दुकान गणपती, शिमगा आणि मे एवढ्यावर कमावतं, उरलेले महिने ते उधारीवर चालतं. गणपती २७ ऑगस्टला होते, त्याच्या आधीच्या दहा दिवसांत आमची जेवढी विक्री झाली तेवढी जुलै आणि ऑक्टोबर मिळून झाली नाही. म्हणून वर्षाची वही मागा, एका दिवसाचा गल्ला बघू नका. आम्ही वही मागितली तेव्हा ‘हिशोब डोक्यात असतो’ म्हणाले. उधारीची वही होती, ती त्यांनी बरोबर नेली. वसुली त्यांची, पण कोणाला किती द्यायचं आणि कोणाला थांबवायचं, ही अक्कल त्याच वहीत होती.

आणि दिवाळीनंतर त्यांनीच पाऊण किलोमीटरवर, तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे), पुतण्याच्या नावाने दुकान उघडलं. माणसं आपसूक तिकडे वळली, वीस वर्षांची ओळख आहे. चालू धंदा नावलौकिकासह विकला असेल तर विकणाऱ्याने ठराविक परिसरात तोच धंदा करू नये, अशी अट घालता येते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मध्ये तशी मुभा आहे. आमच्या वकिलांनी जमिनीचं खरेदीखत चांगलं केलं, पण धंद्याचा वेगळा करारच केला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माल मोजून घेतला तोही छापील किमतीवर. खरेदीच्या किमतीवर घ्यायचा असतो, आणि प्रत्येक पुड्याची तारीख बघून. मागच्या ओळीतली बिस्किटं आणि मसाले जुलैपर्यंत मुदत संपलेले निघाले. २२ सप्टेंबरला साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला तेव्हा त्याच जुन्या मालावर आणखी फटका बसला. अन्न परवाना आणि काट्याचा शिक्का हे दोन्ही आम्ही नव्याने केलं. परवाना दुकानाबरोबर विकता येत नाही, आपल्या नावाने नोंदणी करावीच लागते. ते काम मात्र ऑनलाइन सुरळीत झालं.

एवढं लिहिल्यावर कोणी विचारेल, मग विकता का? नाही. चिऱ्याच्या भिंती भक्कम आहेत, उन्हाळ्यात भर दुपारी माजघरात पंखा लागत नाही. उपळ आली त्या सकाळी मी फरशीवर बसून रडत होते तेव्हा वाडीतली चार माणसं न बोलावता आली, पोती उचलून आपापल्या घरी कोरड्यात ठेवली आणि आठ दिवसांनी मोजून परत आणून दिली, एक पुडा कमी नाही. दुकान आता सकाळी चार तास आणि संध्याकाळी तीन तास उघडतो. गिऱ्हाईक हळूहळू जोडलं जातंय, विशेषतः ज्यांना तिठ्यापर्यंत चालवत नाही अशी म्हातारी माणसं. पण त्याच किमतीला पुन्हा घेतलं असतं का, तर नाही, निदान तीन लाख कमी सांगितले असते, आणि आषाढात एक चक्कर मारल्याशिवाय विसार दिला नसता.

सध्या घरामागे चर खणायचं काम चालू आहे. तीन फूट खोल, तळाशी भोकं पाडलेला पाइप, वर दगडगोटे, म्हणजे उपळीचं पाणी घराखाली यायच्या आधी बाजूने व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, जाईल. दोन वासे बदलून झाले. फळ्या पुन्हा चिऱ्यांवर मांडल्या आहेत. व्हाळापर्यंत पोहोचायला पाइप अजून वीस फूट कमी पडतोय आणि मधली जागा आजींची आहे. त्या म्हणाल्या, खणा. मिस्टरांनी तरीही ते साध्या कागदावर लिहून त्यांची आणि त्यांच्या मुलांची सही घ्यायचं ठरवलंय. मुलं मेमध्ये येतील तेव्हा.