दादरमधील एक अभ्यासवर्ग: वांशिक विविधता आणि यादवी

दादर पश्चिमेतील एका संस्थेने वांशिक विविधता आणि देशांतर्गत संघर्ष या विषयावर घेतलेला, शनिवारी संध्याकाळी भरणारा सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. जिथे अनेक जमाती एकत्र राहतात तिथे भांडणे होणारच, असे आपण सहज धरून चालतो. या समजाची उलटतपासणी हाच वर्गाचा गाभा होता आणि ती बहुतांशी उत्तम झाली.

सर्वाधिक रंगले ते मोजमापाचे सत्र. वर्ग घेणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन काल्पनिक देश मांडले: एकात प्रत्येकी १० टक्क्यांचे दहा गट, दुसऱ्यात निम्मे-निम्मे असे दोनच. कोणतीही दोन माणसे उचलली, तर ती वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता पहिल्या देशात ०.९ आणि दुसऱ्यात ०.५ भरते, ध्रुवीकरणाचा निर्देशांक, म्हणजे समाज दोन तुल्यबळ गटांत विभागला जाण्याच्या किती जवळ आहे याचे माप, काढला, की मात्र पहिल्याच्या वाट्याला ०.३६ येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला पूर्ण १. शंभराहून अधिक जमातींचा टांझानिया यादवीपासून दूर राहिला, तर भाषा आणि धर्म जवळपास एकच असलेल्या सोमालियात १९९१ साली राज्ययंत्रणाच कोसळली, हे त्यानंतर वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

फिअरन आणि लेटिन या राज्यशास्त्रज्ञांनी २००३ साली १९४५ ते १९९९ या काळातील १२७ यादवी युद्धे तपासून विविधतेपेक्षा गरिबी, दुबळे शासन आणि डोंगराळ मुलूख यांकडे बोट दाखवले. त्यावरचा आक्षेपही बाईंनी टाळला नाही: गट किती आहेत यापेक्षा सत्तेबाहेर कोणाला ठेवले आहे, हे पाहावे लागते. सिंहलीलाच राजभाषा ठरवून तमिळ भाषकांना बाजूला सारणारा श्रीलंकेतील १९५६ चा 'फक्त सिंहली' कायदा हे त्याचे चपखल उदाहरण. तो तास फार लवकर संपला.

निराशा झाली ती भिवंडीच्या बाबतीत. १९८४ च्या दंगलीत होरपळलेले हे गाव, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या, दोन्ही धर्मांचे रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्यांनंतर, मुंबई पेटलेली असताना १९९२-९३ मध्ये शांत राहिले. मुंबईकर श्रोत्यांपुढे यावर अख्खे सत्र हवे होते. ते शेवटच्या घाईत उरकले. व्याख्याने मराठीत, पण टिपणे निव्वळ इंग्रजीत, हेही खटकले. तरीही शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी टिपणे आधीच मागून घ्यावीत आणि भिवंडीसाठी जादा तासाचा आग्रह धरावा.