१३० की १४०? बीपीच्या दोन गाइडलाइन, एक तालुक्याचा दवाखाना

पुतण्या पारोळ्याला दवाखाना टाकतोय. फर्निचर झालं, बोर्ड झाला, आणि परवा जेवताना विचारतो, "काका, बीपीला तुम्ही कोणती गाइडलाइन धरता? अमेरिकन की डब्ल्यूएचओ?" भरताचा घास हातातच राहिला, कारण हा घोळ मी स्वतः काही वर्षं घातलेला आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. वाचणाऱ्यांना आकडे पाठ आहेत असं धरून चालतो.

भांडण जुनंच. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनांनी बीपी जास्त म्हणायची रेघ १३०/८०वर आणली आणि २०२५च्या आवृत्तीतही तिथेच ठेवली. डब्ल्यूएचओची २०२१ची गाइडलाइन १४०/९०ला औषध सुरू करा म्हणते. युरोपवाल्यांनी २०२४मध्ये मधला रस्ता काढला: रोग १४०/९०लाच, पण त्याच्या खाली 'वाढलेला दाब' असं वेगळं खातं. त्यांचं इथेच सोडतो. दोन सांभाळतानाच जीव जातो.

सुरुवातीला मी अमेरिकनांच्या बाजूचा होतो. २०१५चा स्प्रिंट अभ्यास वाचला आणि पटला. नऊ हजारांवर माणसं, वरचा आकडा १२०च्या खाली ठेवलेल्या गटात मृत्यू कमी. पण त्यात मधुमेही नव्हते, आणि मोजायची पद्धत अशी की पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, मशीन आपोआप तीनदा मोजतंय. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी माणूस एसटीतून उतरतो, जिना चढतो, नंबर जाईल म्हणून उभाच राहतो आणि खुर्चीला टेकला की हात पुढे करतो. बाई असेल तर पोलक्याची बाही वर सरकवलेली, ती दंडाला काचतेय आणि तिच्या खाली मशीनचा पट्टा. १३६/८४. हा आकडा तिचा की जिन्याचा?

तरी एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती. मोजणं सुधारता येतं. मला हैराण केलं ते कॅल्क्युलेटरने.

१३० ते १३९ मध्ये गोळी कुणाला द्यायची हे अमेरिकन गाइडलाइन बऱ्याच अंशी पुढच्या दहा वर्षांतल्या हृदयविकार-लकव्याच्या धोक्यावरून ठरवते. २०१७मध्ये ती मर्यादा १० टक्के होती. मोबाइलवर या धोक्याचं गणित उघडलं. समोर पन्नाशीची बाई, कापूस वेचायला जाणारी, दोन भेटींत १३६/८६ च्या आसपास. पहिल्याच काही प्रश्नांत वंश: गोरा, आफ्रिकन अमेरिकन, इतर. 'इतर' दाबलं. मग एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. तिने जन्मात केलेलं नाही. चिठ्ठी दिली, तर लॅबमधून निरोप की उद्या सकाळी उपाशीपोटी या. उद्याची मजुरी कोण बुडवणार? ती उगवली दीड महिन्याने, रिपोर्ट पिशवीत चुरगळलेला. पुढचा रकाना: सिगारेट ओढता का? ही दोन्ही वेळा तंबाखूची मिश्री लावते, पण मिश्रीला रकाना नाही. 'नाही' टिचकवलं. दशांश चिन्हासकट एक टक्केवारी आली आणि त्या दशांशावर माझाच विश्वास बसेना. बाई म्हणाली, "डॉक्टर, माले तं काहीच तरास नही शे. मंग इतला फेरा काब्र?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

न्यायाने सांगायचं तर २०२५मध्ये त्यांनी वंशाचा प्रश्न काढून टाकला, नवं गणित आणलं आणि मर्यादा ७.५ टक्के केली. पण कोलेस्टेरॉल लागतंच, वर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, आला. मिश्री अजून बाहेरच उभी.

डब्ल्यूएचओच्या कागदात मला जे भावलं ते असं: तपासण्या आणि धोक्याचं गणित करा, पण त्यासाठी औषध अडवू नका. १४०/९० पक्कं झालं की सुरू. आकडा ताब्यात येईपर्यंत महिन्याला भेट, मग तीन ते सहा महिन्यांनी. सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची चालही तीच. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन, पायरी-पायरीने. माझ्याकडचा पेशंट पैशाअभावी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला तरी सहसा गोळीचं नाव बदलत नाही, हे मला फार मोठं वाटतं. ॲम्लोडिपिनने घोट्यावर सूज येते, तेवढं आधी सांगून ठेवायचं. क्लोर्थॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी मात्र मी मे महिन्यात बिचकतच देतो. भुसावळ-जळगावच्या उन्हात पारा ४५ला टेकतो, म्हातारी माणसं गळाठतात, सोडियम उतरतं. हा माझा अनुभव, पुरावा म्हणून धरू नका. मीठ कमी करा हा सल्ला दोघांचाही. बिबडे, पापड आणि शेवभाजीपुढे तो किती टिकतो हे आपण जाणतो.

१४०वाल्यांची खोटही सांगतो. अडतीस वर्षांचा अडत्या, बापाला लकवा गेलेला, आकडा १३८/८८. या कागदाप्रमाणे तो मोकळा सुटतो आणि पुन्हा फिरकत नाही. अशांना मी दवाखान्यातलं दंडाचं मशीन आठवडाभर घरी देतो, सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून वहीत लिहायला लावतो. घरची सरासरी १३५/८५च्या वर निघाली की मग मी रेघेवर अडून बसत नाही. मधुमेही, हृदयविकाराचे आणि किडनीचे पेशंट यांच्यापुरतं तर भांडणच नाही. त्यांना डब्ल्यूएचओही १३०च्या वर औषधाचा विचार करा म्हणते, आणि त्यांच्या कार्डावर मी १३० लाल शाईने लिहितो.

शहरात, पेशंटकडे विमा आणि वर्षाची तपासणी असेल, तर तुम्ही १३० धरा; चूक म्हणणार नाही. पारोळ्याला मी १४० धरेन, असं पुतण्याला सांगितलं. त्याला एक कागद मात्र अमेरिकनांच्या गाइडलाइनवरून मराठीत उतरवून दिला, भिंतीवर लावायला: लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, बोलू नका. खाली मी माझी एक ओळ वाढवली: नंबर जाणार नाही, बसा.