पावसाळ्यातली घरपोच किराणा सेवा
2021 मध्ये राज्यात पेट्रोलने लिटरमागे 100 रुपयांचा टप्पा ओलांडल्यापासून अर्धा किलो साखरेसाठी स्कूटर बाहेर काढणे परवडेनासे झाले आहे, आणि जुलैत रत्नागिरीचा वारा छत्रीही टिकू देत नाही. अशा वेळी मारुती मंदिर परिसरातील एका जुन्या किराणा दुकानाची घरपोच सेवा फार उपयोगी पडते. फोनवर यादी सांगताना मालक प्रत्येक जिन्नसाचा भाव आधीच सांगतात, शिवाय पोहे, रवा व पीठ दुहेरी पिशवीत बांधून पाठवत असल्यामुळे मुसळधार पावसातही सामान कोरडे पोहोचते. कांदे मात्र निवडून घेता येत नाहीत, त्यामुळे एखादा मऊ पडलेला निघतोच. वादळात वीज आणि मोबाइलचे नेटवर्क गेल्यास यूपीआय चालत नाही. म्हणून सुटे पैसे जवळ ठेवावेत.