फोटोचा फॉरमॅट बदलायचाय: फोटोशॉप, जिंप की इरफानव्ह्यू?

आयफोनमधले फोटो लॅपटॉपवर घेतले की ते एचईआयसी निघतात, आणि अर्जाची वेबसाइट जेपीजीशिवाय काही घ्यायला तयार नसते. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत हा फॉरमॅट आणला तो जागा वाचावी म्हणून. जागा वाचते हे खरं, पण डोकेदुखी आपल्या वाट्याला येते. मग कुणी फाइलच्या नावातलं शेवटचं एचईआयसी खोडून तिथे जेपीजी लिहितं. त्याने नाव तेवढं बदलतं, आतला माल तोच राहतो. खरं रूपांतर करायला सॉफ्टवेअर लागतंच.

कुठलं घ्यायचं हे दोन गोष्टींवर ठरवा: फाइली किती आहेत आणि त्या पुढे कुठे जाणार आहेत. फोटोशॉप सगळ्यात 'भारी' म्हणून ते टाकून घेणारे बरेच असतात. फक्त फॉरमॅट बदलण्यासाठी दरवर्षी वर्गणी भरणं मला तरी पटत नाही.

फाइली शेकड्याने असतील तर इरफानव्ह्यू. इरफान श्किल्यान या बोस्नियात जन्मलेल्या प्रोग्रामरने १९९६ मध्ये ते आणलं. दिसायला अजूनही त्याच काळातलं वाटतं, पण जुन्या, कमी रॅमच्या मशीनवरही झटकन उघडतं. बी हे बटण दाबलं की बॅचची, म्हणजे अनेक फाइली एकदम बदलण्याची, खिडकी येते. सगळं फोल्डर त्यात घ्यायचं, जेपीजी निवडायचं, हवं तर लांबी-रुंदी आणि फाइलींची नावंही तिथेच बदलून घ्यायची. मूळ फाइलींवर नव्या बसू नयेत म्हणून आउटपुटचं फोल्डर वेगळं द्या, याबाबतीत आळस नको. एचईआयसीसाठी प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम, वेगळे उतरवून घ्यावे लागतात. दोन अडचणी आहेत: ते फक्त विंडोजसाठी आहे, आणि फुकट आहे ते घरगुती वापरापुरतं. स्टुडिओत किंवा ऑफिसात वापरायचं तर लायसन्स घ्यायला हवं.

ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांना त्याची आणखी एक सोय उपयोगी पडते. आयबीपीएसच्या बँकभरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मर्यादा असते. इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी सेव्ह करताना किती केबीची फाइल हवी तो आकडाच देता येतो. पण आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करा. बारा मेगापिक्सेलचा फोटो तसाच ५० केबीत कोंबला तर चेहऱ्यावर चौकटी उमटतात.

जिंप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. ते पूर्ण फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एचईआयसी आणि वेबपी (वेबसाइटवरच्या चित्रांचा फॉरमॅट) ही उघडतं. नवीन माणूस अडखळतो तो 'सेव्ह'पाशी, कारण जिंप सेव्ह करतं ते फक्त स्वतःच्या एक्ससीएफ फॉरमॅटमध्ये. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'मध्ये जाऊन नावाच्या शेवटी तो फॉरमॅट लिहायचा. जेपीजीच्या खिडकीत प्रीव्ह्यूवर खूण केली की क्वालिटीचा दट्ट्या सरकवताना चित्र किती बिघडतं आणि फाइल किती केबीची होते, दोन्ही समोर दिसतं. एकेक फोटो काळजीने करायचा असेल तर याहून चांगली सोय नाही. पण दोनशे फोटो? त्यासाठी जिंपच्या नादी लागू नका. फाइली भरपूर आणि मशीन लिनक्स असेल तर एक्सएनकन्व्हर्ट पाहा, घरगुती वापराला तेही फुकट आहे.

फोटोशॉपला पर्याय नसतो तो छपाईच्या कामात. लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंकातली जाहिरात प्रेसला द्यायची असते तेव्हा बहुतेकदा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली, टिफ किंवा पीडीएफ मागतात. फोटोशॉपमध्ये हे रूपांतर मोडच्या मेनूत सरळ होतं आणि प्रेसने दिलेला कलर प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे याची नोंद) लावता येतो. जिंपचं काम मुळात आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, चालतं. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत सीएमवायकेची बाजू सुधारली, तरी रोज छपाईचं काम करणाऱ्याने त्यावर विसंबावं असं मी म्हणणार नाही. फोटोशॉपमध्ये ढीगभर फाइलींसाठी 'इमेज प्रोसेसर' आहे, पण त्यातून जेपीजी, पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा फॉरमॅट) आणि टिफ एवढंच मिळतं.

रंग फिके पडल्याची तक्रारही बऱ्याचदा रूपांतरातूनच येते. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपट्ट्यात असतात. रूपांतरात प्रोफाइल गळून पडला की पुढचा प्रोग्राम त्यांना एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यातले समजतो आणि लाल-केशरी रंग मलूल होतात. फोटोशॉपच्या एक्स्पोर्टमध्ये एसआरजीबीत बदलण्याची खूण असते, जिंप मात्र फाइल उघडतानाच तसं विचारतं. तिथे घाईघाईने ओके न दाबता वाचा.

क्वालिटीच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका. फोटोशॉपची जुनी पट्टी ० ते १२ ची, जिंपची ० ते १०० ची, आणि दोघांचं गणितही वेगळं. अक्षरांच्या कडा मोठ्या करून पाहा, तीच खरी कसोटी. जेपीजीची पीएनजी केल्याने टाकून दिलेले बारकावे परत येत नाहीत, फक्त फाइल फुगते. उलट पारदर्शक लोगोची जेपीजी केली तर त्याच्यामागे रंगाचा ठोकळा येतो, कारण जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरवर देवदर्शनाचे फोटो टाकलेत तर हरकत नाही. आधार कार्ड, पासबुक आणि सहीचा फोटो मात्र अनोळखी सर्व्हरवर चढवू नका.

मॅक असेल तर यातलं कुठलंही सॉफ्टवेअर टाकून घ्यायची गरज नाही. मॅकओएसची मॉन्टेरे किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर फाइंडरमध्ये फोटो निवडा, राइट क्लिक करा आणि क्विक अ‍ॅक्शन्समधून इमेज कन्व्हर्ट करा. आणि आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलंत तर पुढचे फोटो जेपीजीतच निघतील. तेवढी जास्त जागा मात्र खातील.