जागतिक बँकेचे डेटा पोर्टल: भारत आणि जपानचा माध्यमिक शिक्षणखर्च ताडून पाहताना

दोन देशांची सरकारे माध्यमिक शिक्षणावर किती खर्च करतात हे शोधायला जागतिक बँकेच्या खुल्या डेटा पोर्टलइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पैसे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. पण आकडा उचलून तसाच वापरला तर भारत-जपान तुलना फसते, आणि चूक आलेखात दिसतही नाही.

गोंधळ सुरू होतो तो 'सेकंडरी' या शब्दापासून. हे आकडे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून येतात. तिच्या वर्गवारीत भारताचे माध्यमिक म्हणजे सहावी ते बारावी, सात वर्षे. जपानचे कनिष्ठ माध्यमिकची तीन अधिक उच्च माध्यमिकची तीन, अशी सहा वर्षे. महाराष्ट्रात 'माध्यमिक' म्हटले की नववी-दहावी डोळ्यासमोर येते, तर केंद्राच्या शिक्षण खर्चाच्या विश्लेषणात सहावी ते आठवीचा खर्च प्राथमिकच्या खात्यात असतो. त्यामुळे भारताचा आकडा सरकारी अहवालातून आणि जपानचा पोर्टलवरून घेतला, तर आपले तीन इयत्तांचे पैसे गळतात. दोन्ही आकडे पोर्टलवरूनच घ्यावेत.

निर्देशक, म्हणजे पोर्टलवरची नेमकी कोणती आकडेमालिका घ्यायची, ते निवडतानाही जपावे लागते. 'माध्यमिकचा वाटा' हा एकूण सरकारी शिक्षणखर्चातला टक्का आहे, जीडीपीतला नव्हे. जीडीपीतला हवा असेल तर एकूण शिक्षणखर्चाच्या टक्क्याला या वाट्याने गुणून 100 ने भागावे. उदाहरणार्थ, एकूण 4 टक्के आणि वाटा 40 टक्के असेल तर उत्तर 1.6 टक्के. 'दर विद्यार्थी खर्च' दरडोई जीडीपीच्या टक्क्यांत दिलेला असतो. दोन्ही देशांचा टक्का जवळपास सारखा निघाला, तरी जपानी मुलामागची रक्कम कितीतरी मोठी असते, कारण तिथले दरडोई उत्पन्नच मोठे आहे. रक्कम काढायची तर त्याच वर्षाच्या, क्रयशक्तीनुसार मोजलेल्या दरडोई जीडीपीने गुणावे. नुसत्या डॉलरच्या दराने गुणले तर भारतातल्या शिक्षकाच्या पगाराचे मोल कमी दिसते.

सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल, उतरवली की झिप फाइल मिळते. मुख्य फाइलच्या पहिल्या चार ओळी शीर्षकाच्या आधीच्या असतात, त्या वगळाव्या. 1960 पासूनचे रकाने असतात, पण या निर्देशकात बरेच रिकामे. इथेच सर्वांत जास्त चुका होतात: एक्सेल रिकाम्या घराचा गुणाकार शून्य दाखवते आणि सरासरी कोसळते. डेटाबँक या जोडपोर्टलवर गहाळ आकड्याच्या जागी दोन टिंबे येतात, तिथे सूत्र निदान उघडपणे अडते. दोन्ही देशांचा आकडा असलेले एकच वर्ष घ्यावे. 'सर्वांत अलीकडचे मूल्य' या पर्यायात भारताचे एक वर्ष आणि जपानचे दुसरेच येऊ शकते.

पोर्टलवर मराठी नाही, हिंदीही नाही. ही उणीव शिक्षकांना आणि पत्रकारांना खरोखर जाणवते. निर्देशकाची व्याख्या मात्र 'तपशील' बटणामागे नीट दिलेली आहे, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. खर्चात केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था तिन्ही धरलेल्या असतात. भारतात शाळांचा मोठा भार राज्येच उचलतात, तेव्हा केवळ केंद्राच्या अर्थसंकल्पाशी हा आकडा जुळणार नाही. पालकांची शिकवणीची फी यात कुठेच नाही, ना आपल्याकडची, ना जपानी जुकूची, म्हणजे तिथल्या खासगी शिकवणी वर्गांची.