एटेम मिनी प्रो: लाल-हिरवं कळलं की हात बसतो

कीर्तन, लग्नाचं लाइव्ह करणाऱ्यांनी ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी प्रो हा व्हिडिओ स्विचर (अनेक कॅमेऱ्यांतून हवा तो शॉट निवडायचं यंत्र) बिनधास्त घ्यावा. चार एचडीएमआय इनपुट. लाल बटण म्हणजे प्रोग्राम, लोकांना दिसतंय ते. हिरवं म्हणजे प्रिव्ह्यू, पुढचा शॉट. मात्र सुरुवातीला तो कट बस मोडवर असतो, बटण दाबताच शॉट बदलतो. कॉम्प्युटरवरच्या एटेम सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम-प्रिव्ह्यू मोड लावाच. मग बुवांवर लाल असताना पखवाजवाल्याचा कॅमेरा हिरव्यावर घ्यायचा, फोकस बघायचा आणि कट दाबून शॉट झटकन बदलायचा. अभंगाला ऑटो दाबून एक सेकंदाचा मिक्स, म्हणजे एक शॉट हळूच दुसऱ्यात मिसळणं, फार सुरेख दिसतो! एफटीबी (फेड टू ब्लॅक) बटण लाल लुकलुकत असेल तर स्क्रीन काळी आहे, पुन्हा दाबा. एचडीएमआय आउटला टीव्ही जोडून मल्टिव्ह्यू लावा, चारही कॅमेरे एकत्र दिसतात.