मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझ, काही महिन्यांनंतर: खोली आवरणाऱ्या मुलाचा नंबर मागू नका

बाल्कनीवाली खोली घ्यावी की खिडकीवाली, जैन जेवण मिळतं का, लक्षद्वीपला उतरवतात का, यावर भरपूर लिहून झालंय. मी लिहायला बसले ती परवाच्या एका मेसेजमुळे.

सांगलीहून आम्ही जी मंडळी गेलो होतो त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून चालू आहे. त्यात एका काकांनी तक्रार टाकली. जहाजावर आमच्या खोल्या आवरणाऱ्या मुलाला त्यांनी पुतण्याचा बायोडाटा पाठवला होता, "जहाजावर कुठंतरी चिकटव" म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही. काकांनी परत परत फोन लावले, शेवटी त्याने नंबर ब्लॉक केला. लगेच खाली सुरू झालं, "एवढं घरच्यासारखं वागवलं आणि माज बघा." वाचून माझं डोकं फिरलं, आणि राग त्या मुलाचा आला नाही.

मुलगा गोव्याचा, मराठी चांगलं समजणारा. माझ्या सासऱ्यांना पहाटे गरम पाणी लागतं. पहिल्या दिवशी फोन करून मागवलं, नंतर एकदाही मागावं लागलं नाही. सहाच्या ठोक्याला थर्मास दारात. हे त्याच्या लक्षात कसं राहतं ते मला एका सकाळी दिसलं. त्याच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. खोली नंबर आणि पुढे बारीक अक्षरात: आजोबा, गरम पाणी ६. जादा उशी. बाळ दुपारी झोपतं, बेल नको. उतरून गेलेल्यांच्या ओळी पेनाने खोडलेल्या, खाली नव्या लिहिलेल्या. मी विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवते. कुणाला तिखट कमी, कुणाचा गुरुवार, असा कागद माझ्याही ओट्याजवळ आहे. त्यामुळे मला त्या कागदात कष्ट दिसले, शिस्त दिसली. आमच्या मंडळींना मात्र त्या थर्मासात माया दिसली, आणि माया दिसली की आपल्याकडे हक्क आलाच.

मग प्रश्न सुरू. पगार किती? घरी किती पाठवतोस? लग्न का नाही केलं अजून? तो हातावर चादरींची चळत घेऊन उभा, हसतोय, "हो काकी, नाही काका." एसटीत शेजारच्याने असं विचारलं तर आपण डोळे मिटून घेतो, नाहीतर पुढच्या स्टॉपला उतरतो. तो कुठे उतरणार? त्याला अजून पुढच्या खोल्या आवरायच्या, आणि प्रवासाच्या शेवटी आम्हीच त्याचा अभिप्रायाचा फॉर्म भरणार. जो माणूस आपल्यासमोरून उठून जाऊ शकत नाही त्याला खासगी विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. नंबरही त्याच्याकडून असाच घेतला, सगळ्यांसमोर, पाठीवर हात ठेवून. नाही म्हणायला त्याला जागाच ठेवली नव्हती. क्रूझ कंपन्यांमध्ये प्रवाशांशी कामापलीकडे सलगी करायची नाही असा नियम सर्रास असतो, आणि कामाशिवाय प्रवाशाच्या खोलीत सापडलं तर नोकरी जाऊ शकते. "ये रे, बस दोन मिनिटं, भडंग खा," असं आपण प्रेमाने म्हणतो, पण त्या दोन मिनिटांची झळ त्याला लागते.

त्यांच्या तासांबद्दलही कुणाला पत्ता नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. जहाजावरच्या माणसाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असं त्यात आहे. त्या १० तासांचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक तरी ६ तासांचा हवा. नियम अगदी काटेकोर पाळला तरी किती काम करून घेता येतं याचा हिशोब तुम्हीच करा. नोकरीचा करार संपेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा सहा ते नऊ महिने, रविवार असा नाहीच. "फक्त कर्मचाऱ्यांसाठी" लिहिलेल्या दारामागे त्यांचं जेवण-झोपणं असतं. आमच्यातल्या एक बाई चहा शोधत त्या दारातून आत गेल्या आणि आल्यावर कौतुकाने सांगत होत्या.

सगळ्यात वाईट वाटलं ते निघण्याआधीच्या सुरक्षा कवायतीत. सकाळी डोसा वाढणारा मुलगा तिथे लाइफ जॅकेट घालून यादी तपासत होता. तर त्याला चुटक्या वाजवून "ए, आटप लवकर." प्रवासी जहाजावरच्या अशा माणसांना गर्दी सांभाळायचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, वेळ आलीच तर आपल्याला बोटीत बसवणारा तोच असतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ कलंडली, ३२ माणसं गेली. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या शेकडो लोकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला: कवायत जहाज सुटण्याआधी, नाहीतर सुटल्या सुटल्या. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, हे आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. सांगलीच्या माणसाने तरी लाइफ जॅकेटची चेष्टा करू नये.

पुतण्याबद्दल मी ग्रुपवर उत्तर दिलं, तेच इथे देते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. खोली आवरणारा मुलगा कुणाला नोकरीला लावू शकत नाही. भारतात जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा, माणसं भरण्यासाठीचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघता येते. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला बंदी आहे. मेडिकल, पासपोर्ट, नाविकाचं ओळखपुस्तक (सीडीसी) एवढाच खर्च त्याचा. लाखात बोलणारा भेटला तर तिथूनच मागे फिरायचं.

कंपनीचंही चुकतं. शेवटच्या रात्री आमच्या टेबलाचा वाढपी प्रत्येकाजवळ येऊन "दहापैकी दहा द्या, माझं नाव लिहा" म्हणत होता. सासऱ्यांचा घास हातात राहिला. फोटोवाले तर जेवताना कॅमेरा रोखून उभे. ही मुलं हौसेने करत नाहीत, त्यांच्यावरही वरून दाब असणार. म्हणून फॉर्ममध्ये मी दहा दिले आणि खाली लिहिलं, की माणसाला गुण मागायला लावू नका. मेलवर आभाराचं ठरावीक उत्तर आलं, बस.

जेवण ठीक. रस्सा सपक, पण पोळ्या मऊ होत्या. खोली स्वच्छ. वायफाय महाग, घेऊ नका.

आता सर्व्हिस चार्ज. माणशी रोजचा, शेवटी बिलात लागतो. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर या एकाच गोष्टीपायी दोन स्टार दिले असते. इथल्या टूर एजंटाने पैसे घेताना अवाक्षर काढलं नव्हतं, आणि खानावळीच्या पैशातून चौघांचा प्रवास करताना असा खड्डा पडला की लागतो. त्या चार्जबद्दल माझं मत आता बदललंय. बऱ्याच कंपन्यांत ही रक्कम सगळ्यांत वाटली जाते, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या धोबीखान्यातल्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांपर्यंत. आमच्यातल्या दोघांनी काउंटरवर भांडून तो काढून घेतला आणि मग त्या मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवून फोटो काढला. तो फोटो ग्रुपवर अजून आहे. चार्ज भरा, वर द्यायचं असेल तर पाकिटात घालून द्या, फोटो नको.

एजंटाशी माझं भांडण मात्र तसंच आहे. दुकानात जाऊन विचारलं तर "ते जहाजवाल्यांचं असतं, आमच्याकडे येत नाही" म्हणाला. येत नसेल, पण सांगायला काय जातं? बरंच बोलल्यावर पुढच्या ग्रुपच्या पावतीवर चार्जची रक्कम छापतो म्हणालाय. दिवाळीच्या बुकिंगला नणंद जाणार आहे, तिला पैसे भरायच्या आधी पावतीचा नमुना मागायला सांगितलंय. छापलेलं असेल तर एक स्टार वाढवीन, आत्ता साडेतीन.